मंगळवार पेठ ते लोणार: ‘मग दगड कुठाय?’ या प्रश्नाचा इतिहास

माझ्या पत्त्यात एका ग्रहाचं नाव आहे. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या सगळ्यांच्याच पत्त्यात ते असतं, पण रोज लिहिताना कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. पीएचडीला लागल्यावर, सूर्यमालेच्या अभ्यासाचा इतिहास वाचताना आलं.

तुमच्यापैकी बरेच जण ‘पेट’ची किंवा नेट-सेटची तयारी करताय, काही जण विषय शोधताय. मला मेल येतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो: ‘ताई, संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?’ त्याचं सूत्र माझ्याकडे नाही. पण माझा प्रश्न कुठून आला, त्याच्या मागे जाता जाता सूर्यमालेच्या जन्मापर्यंत कशी पोचले, आणि मध्ये कुठं आपटले, एवढं सांगू शकते. माझा विषय विज्ञानाचा इतिहास. लोणारचा खड्डा उल्कापातानं झाला हे विज्ञानजगतानं कसं आणि किती उशिरा मान्य केलं, यावर माझं काम चालू आहे.

पत्त्यातली जुनी सूर्यमाला

आधी पेठेच्या नावाकडे बघू. रविवारनंतर सोमवार आणि सोमवारनंतर मंगळवारच का? सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हा क्रम आकाशात कुठेच दिसत नाही. तो अंतराचा नाही आणि तेजाचाही नाही.

तरी तो एका मोजमापातूनच आलाय. दुर्बीण नव्हती तेव्हा माणसांनी एक गोष्ट नीट मोजली होती, ती म्हणजे आकाशात कोण किती संथ चालतं. सगळ्यात संथ शनी, त्याला एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि सगळ्यात चपळ चंद्र. जो संथ तो लांब, असं मानून पृथ्वीभोवती हा क्रम लावला गेला. मग दिवसाचे चोवीस होरे केले आणि प्रत्येक होऱ्याला याच क्रमानं एकेक ग्रह दिला. पहिल्या होऱ्याचा जो ग्रह, त्याचं नाव दिवसाला.

आता बोटांवर मोजा. पहिला होरा शनीचा, म्हणून तो शनिवार. सातांच्या तीन फेऱ्यांत एकवीस होरे संपले, उरलेले तीन शनी, गुरू, मंगळ यांना गेले. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा सूर्याचा: रविवार. तिथून पुन्हा तीन सोडा (सूर्य, शुक्र, बुध) की चंद्र येतो: सोमवार. पुन्हा तीन सोडा (चंद्र, शनी, गुरू) की मंगळ.

म्हणजे ‘मंगळवार पेठ’ या नावात एक अख्खी जुनी सूर्यमाला घडी घालून ठेवलेली आहे. ती पृथ्वीकेंद्री होती, चुकीची होती, पण निरीक्षणावर उभी होती. आणि तिच्यात एक प्रश्न नव्हताच: हे ग्रह आले कुठून? कोण कुठं आहे आणि उद्या कुठं असेल, एवढंच तिला सांगायचं होतं. घडणीचा प्रश्न निरीक्षणातून विचारता येतो, हे लोकांना सुचायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

मेघ, तारा आणि गणिताची अडचण

१७५५ साली कांट आणि १७९६ साली लाप्लास यांनी मांडलेली कल्पना तुम्ही शाळेत वाचली असेल. फिरणारा एक वायूचा मेघ आकसत गेला, मध्यात सूर्य झाला आणि भोवतीच्या पदार्थातून ग्रह झाले. सगळे ग्रह जवळपास एकाच पातळीत आणि एकाच दिशेनं फिरतात, याचं उत्तर त्यातून आपोआप मिळतं.

अडचण गणितात निघाली. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानातलं ९९.८ टक्क्यांहून जास्त एकट्या सूर्यात आहे. पण फिरण्याचा जो साठा असतो, ज्याला भौतिकशास्त्रात कोनीय संवेग म्हणतात, त्यातला एक टक्कासुद्धा सूर्याकडे नाही. तो जवळजवळ सगळा ग्रहांकडे, त्यातही गुरूकडे आहे. मेघ आकसत जाऊन सूर्य झाला असेल तर सूर्य गरागरा फिरायला हवा. प्रत्यक्षात तो एका फेरीला पंचवीसेक दिवस घेतो.

या एका विसंगतीमुळे मेघाची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजूला पडली. शिकागोचे भूवैज्ञानिक टी. सी. चेंबरलिन आणि गणिती एफ. आर. मोल्टन यांनी १९०५च्या सुमारास मांडलं की दुसरा एखादा तारा सूर्याजवळून गेला, त्यानं सूर्यातला पदार्थ ओढून काढला, त्याचे छोटे घन तुकडे झाले आणि ते एकमेकांवर आदळत, चिकटत ग्रह बनले. पुढे जीन्स आणि जेफ्रीज यांनी ताऱ्याच्या भेटीचाच वेगळा प्रकार मांडला. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठातले गणिती अमिय चरण बॅनर्जी यांनी १९४०च्या दशकात एक पर्याय सुचवला: मूळ तारा स्पंदन पावणारा, सेफीड जातीचा होता आणि जवळून जाणाऱ्या ताऱ्यामुळे तो अस्थिर झाला.

यात पणाला काय होतं बघा. दोन तारे इतक्या जवळून जाणं फारच दुर्मीळ. ताऱ्याची भेट खरी असेल तर ग्रहमाला हा अपघात, आणि विश्वात आपण जवळपास एकटे. मेघ खरा असेल तर ग्रह ही ताऱ्याच्या जन्माची नेहमीची गोष्ट. माणसाचं विश्वातलं स्थान एका संवेगाच्या हिशेबावर अडकलं होतं.

ताऱ्याची भेटही टिकली नाही. १९३५ साली रसेलनं दाखवलं की अशा भेटीतून निघालेला पदार्थ ग्रहांइतक्या लांब जाऊन स्थिरावणार नाही. १९३९ साली स्पिट्झरनं दाखवलं की सूर्यातून निघालेला इतका तापलेला वायू गोळा होण्याऐवजी विखरून जाईल. १९४०च्या दशकात वाइत्सॅकर आणि श्मिट यांच्या कामामुळे वायू आणि धुळीची चकती पुन्हा चर्चेत आली.

आणि संवेगाचं काय? १९६० साली फ्रेड हॉइल यांनी एक रस्ता दाखवला: तरुण सूर्याचं चुंबकीय क्षेत्र भोवतालच्या चकतीत गुंतलेलं असेल, तर ते ब्रेकसारखं काम करेल. सूर्य मंदावेल आणि त्याचा संवेग बाहेरच्या पदार्थाकडे जाईल. हे हॉइल म्हणजे आपल्या डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकर सरांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचाच. त्यांचे वडील, सापेक्षतावादाचे अभ्यासक विष्णू वासुदेव नारळीकर, यांचाही जन्म इथलाच, १९०८ सालचा. कोल्हापूरच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगते.

आजीचा प्रश्न

आता लोणार. पहिल्यांदा तिथं जाऊन आले तेव्हा आजीला फोटो दाखवले. बुलढाणा जिल्ह्यात काळ्या खडकातला साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा, जवळपास दीडशे मीटर खोल गोल खड्डा, तळाशी खारट पाण्याचं सरोवर. म्हटलं, ‘आजी, आकाशातून दगड पडून हे झालं.’

आजीनं चष्मा सारखा केला आणि विचारलं, ‘एवढा खड्डा पाडला न्हवं? मग त्यो दगड कुठाय?’

मी हसले. ‘अगं, तसं नसतं ते,’ म्हणून विषय टाळला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला उत्तर नीट येत नव्हतं. सहा महिन्यांनी कळलं की अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मुख्य भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट १८९१ साली नेमका हाच प्रश्न घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात गेला होता.

तिथं सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचा एक गोल खड्डा आहे आणि आजूबाजूला उल्केच्या लोखंडाचे तुकडे सापडत होते. गिल्बर्टसमोर दोन शक्यता होत्या. एक, मोठी उल्का आदळली. दोन, जमिनीखाली अडकलेल्या वाफेचा स्फोट झाला. मनातून त्याला उल्केची कल्पना आवडलेली होती. पण तो शिस्तीचा माणूस. उल्का खरी असेल तर काय दिसायला हवं, हे त्यानं आधी ठरवलं.

पहिली कसोटी समजून घ्यायला आमचं खासबाग मैदान डोळ्यासमोर आणा. मध्ये कुस्तीचा हौदा, भोवती चढत गेलेली बसायची जागा. समजा अशा एखाद्या मोठ्या खड्ड्याच्या काठावरची सगळी माती परत आत ढकलली. खड्ड्यात आधीच मोठा दगड गाडलेला असेल तर तेवढी माती उरणार. काहीच गाडलेलं नसेल तर खड्डा नेमका भरणार. गिल्बर्टच्या चमूनं मोजणी केली. काठावरचा पदार्थ ८ कोटी २० लाख घनयार्ड आणि पोकळीही तेवढीच निघाली. उरलं काहीच नाही.

दुसरी कसोटी चुंबकाची. खाली लोखंडाचा डोंगर असेल तर चुंबकसूची हलायला हवी. ती हलली नाही.

दोन्ही कसोट्या विरुद्ध गेल्या. गिल्बर्टनं आपली आवडती कल्पना सोडली आणि हा खड्डा वाफेच्या स्फोटाचा, असा निष्कर्ष काढला. १८९६ साली त्यावरचा त्याचा निबंध छापून आला. त्यात आपल्या लोणारचाही उल्लेख आहे, ॲरिझोनाच्या खड्ड्याचा जोडीदार म्हणून.

गंमत बघा. दोन्ही खड्डे एकाच जातीचे हे त्याचं बरोबर होतं. जात मात्र चुकली. आणि हाच गिल्बर्ट १८९३ साली चंद्रावरचे खड्डे आघातानं झालेत असं मांडून चुकला होता, म्हणजे ते मांडून झालं होतं! पृथ्वीभोवतीच्या लहान लहान पिंडांचं कडं एकत्र येऊन चंद्र बनला आणि शेवटचे पिंड आदळले त्यांचे हे व्रण, अशी त्याची कल्पना. जे त्यानं चंद्रावर ओळखलं ते पायाखाली ओळखता आलं नाही.

चूक नेमकी कुठं होती?

हा भाग तयारी करणाऱ्यांनी सावकाश वाचा. गिल्बर्टची पद्धत चुकीची नव्हती. पर्याय मांडले, कसोट्या आधी ठरवल्या, मोजलं, आवडतं उत्तर सोडलं. मोजमापंही ठीक होती. चूक होती ती कसोटीच्या पोटात लपलेल्या एका गृहीतकात: आदळलेली वस्तू आदळल्यावर शिल्लक राहते.

चिखलात दगड मारला तर राहते. पण सेकंदाला दहा किलोमीटर वेगानं आलेल्या दगडातली ऊर्जा त्याच वजनाच्या टीएनटीपेक्षा दहापटीहून जास्त असते. तो जमिनीत ‘रुतत’ नाही. तो फुटतो, वितळतो, बराचसा वाफ होऊन जातो. खड्डा त्या स्फोटानं पडतो, म्हणूनच दगड तिरका आला तरी खड्डा बहुतेक वेळा गोलच होतो.

हे समजायला वेळ लागला आणि पैसाही. बॅरिंजर नावाच्या खाणउद्योजकानं १९०३पासून त्या खड्ड्यात लोखंड शोधण्यासाठी वर्षानुवर्षं खोदकाम केलं. खड्डा उल्केचाच, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण गाडलेला लोखंडाचा साठा मिळेल हे गृहीतक त्याचंही तेच होतं. १९२९ साली उल्केचं वजन ठरवायला एक गणिती बोलावला गेला. कोण? ताऱ्याच्या भेटीचा सिद्धांत मांडणारा तोच मोल्टन. त्याच्या हिशेबात उल्का अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाली आणि तिचा बहुतेक भाग नष्ट झालेला. बॅरिंजरचा त्याच वर्षी मृत्यू झाला.

शेवटी १९६० साली शूमेकर आणि सहकाऱ्यांनी त्या खड्ड्यात कोएसाइट हे खनिज दाखवलं. वाळूतलंच सिलिका, पण प्रचंड दाबाखाली तयार झालेलं. पृथ्वीच्या पाठीवर, असा दाब साध्या वाफेच्या स्फोटात तयार होत नाही.

लोणारला एवढा वेळ का लागला?

लोणार लोकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. लोणासुराची कथा, दैत्यसूदनाचं देऊळ हे सगळं तिथं शतकानुशतकं आहे. तिथल्या क्षारांची नोंद आइन-ए-अकबरीत आहे. १८२३ साली अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी तिथं जाऊन आल्याची नोंद आहे. प्रश्न खड्डा सापडण्याचा नव्हता, तो ओळखण्याचा होता.

आणि ओळखणं अवघड का होतं, ते आपल्या खडकात आहे. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड आणि लोणारच्या काठाचा काळा दगड दोन्ही दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ज्या मुलखात शेकडो किलोमीटर लाव्हाच पसरलाय तिथं गोल खड्डा दिसला तर ‘ज्वालामुखी’ हाच पहिला विचार येणार. त्यात वेडेपणा काही नाही. फक्त एक अडचण होती: लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंडावलाय आणि खड्डा मात्र अजून ताजा दिसतोय.

१९६४ साली लाफाँ आणि डिट्झ यांनी प्रश्न थेट विचारला: लोणार उल्केचा खड्डा आहे का? १९७२ साली व्ही. के. नायक यांनी तिथल्या काचेसारख्या तुकड्यांकडे पुरावा म्हणून लक्ष वेधलं. १९७३ साली फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. सरोवराच्या तळातून छिद्रण करून काढलेल्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट मिळालं. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. जोरदार धक्क्यात त्याची स्फटिकरचना मोडते आणि ते न वितळता काचेसारखं होतं, बाहेरचा आकार मात्र तसाच राहतो. त्यालाच मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी खडक वितळवू शकतो, पण हे करू शकत नाही.

म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं: दगड शोधायचाच नाही, दगडाचा धक्का शोधायचा.

व्रण आणि बांधकाम

‘एका खड्ड्याचा आणि सूर्यमालेच्या जन्माचा संबंध काय?’ असं तुम्ही विचाराल. संबंध असा की आपटणं हा सूर्यमालेतला अपवाद नाही, तीच बांधकामाची रीत आहे. १९६९ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ साफ्रोनोव यांनी याचं सविस्तर गणित मांडलं: चकतीतली धूळ एकत्र येते, तिचे लहान पिंड होतात, पिंड एकमेकांवर आदळत मोठे होतात, शेवटी मोजकेच ग्रह उरतात. चेंबरलिन आणि मोल्टनचा तारा खोटा निघाला, पण त्यांचे ‘लहान घन तुकडे’ टिकले. गिल्बर्टचं चंद्राभोवतीचं चित्र तपशिलात चुकलं, पण आघाताचं सूत्र टिकलं.

काय कुठं आहे याचाही उलगडा त्यातच होतो. सूर्याजवळ ऊब, तिथं फक्त खडक आणि धातूच घट्ट राहू शकले, म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ खडकाळ. लांब थंडीत पाण्याचाही बर्फ झाला, बांधायला माल जास्त मिळाला, म्हणून गुरू-शनीसारखे महाकाय पिंड वाढले आणि त्यांनी वायूही ओढून घेतला.

हे सगळं ४५६ कोटी वर्षांपूर्वीचं आहे, असं आपण म्हणतो ते उल्कांच्या जोरावर. त्यात आपल्या परिसरातल्या दगडांचाही वाटा आहे. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलां इथं पडलेल्या उल्केत अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या क्षयाची खूण मिळाली. त्यांचा निबंध १९९९चा. या समस्थानिकाचं अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षांच्या आसपास. म्हणजे तो पिंड सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीच्या काळातच वितळून पुन्हा घट्ट झाला होता, आणि त्याला वितळवणारी उष्णता या क्षयातून मिळाली असावी.

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्का पडली. तिच्यात ब्रिजमनाइट हे खनिज आढळल्याचा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात सगळ्यात जास्त असलेलं हे खनिज, पण इतक्या खोल की आपला हात तिथं पोचत नाही. काटोलच्या दगडात ते अवकाशातल्या टकरीच्या दाबानं तयार झालं होतं. मूळ पिंडावर कधीतरी झालेल्या आघातानं पृथ्वीच्या गाभ्याबाहेरच्या थराचा नमुना विदर्भात आणून टाकला, असं म्हटलं तरी चालेल.

माझा आकडा

आता माझी फजिती. आराखड्याचं सादरीकरण होतं. लोणारच्या तक्त्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वय ५२,००० वर्षं. हाच आकडा मी लेखांत, पुस्तकांत, माहितीफलकांवर वाचलेला. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, ‘हा आकडा कुठल्या पद्धतीनं आला?’

मला सांगता आलं नाही. ज्या लेखातून घेतला त्या लेखानं दुसऱ्या लेखातून घेतला होता, एवढंच मला माहीत होतं. सर ओरडले नाहीत. ‘बघून या,’ म्हणाले. दुसऱ्यांची गृहीतकं तपासायचा विषय घेतलेली मी स्वतःच न तपासलेला आकडा घेऊन उभी होते. त्या रात्री कोल्हापूरला परतताना एसटीत मला हा विषय सोडून द्यावासा वाटत होता.

बघायला लागले तेव्हा कळलं ते असं. ५२,००० अधिक-उणे ६,००० हा आकडा उष्मादीप्ती पद्धतीचा, १९९७ सालचा. खनिज शेवटचं तापलं त्यानंतर त्यात साठत गेलेला संकेत ती मोजते, आणि हा साठा एका मर्यादेनंतर भरतो. सरोवराच्या गाळातल्या कार्बनवरून याहून लहान वयं आली होती. पण कार्बनची पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे चालतच नाही, आणि गाळ खड्ड्यानंतर कितीही उशिरा साठू शकतो. २०११ साली जुर्दां आणि सहकाऱ्यांनी आघातात वितळलेल्या खडकावर आरगॉन पद्धत वापरली. उत्तर आलं ५ लाख ७० हजार अधिक-उणे ४७ हजार वर्षं. दहापटीहून जास्त! याही पद्धतीत एक फट आहे: जुन्या बेसाल्टमधला आरगॉन पुरता निघून गेला नसेल तर वय खोटं मोठं दिसतं. त्यासाठी त्यांना दुरुस्ती करावी लागली.

तीन घड्याळं, आणि प्रत्येक घड्याळ वेगळी गोष्ट मोजतंय. आज मी २०११चा आकडा वापरते, पण पद्धतीचं नाव शेजारी लिहून आणि जुना आकडा का बदलला ते सांगून. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या फजितीतून निघालं. ‘प्रश्न सापडतो कसा’ याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

तुम्हाला एक काम देते. तुमच्या विषयातला असा एक आकडा घ्या जो सगळे न विचारता लिहितात. तो मागे मागे नेत मूळ मोजणीपर्यंत पोचा. कुणी मोजला, कशानं मोजला, काय धरून चालला, हे एका पानावर लिहा. नेटच्या अभ्यासक्रमात हे नाही, पण पहिल्या मुलाखतीत तुम्हाला याचाच उपयोग होईल. आणि आकडा चुकीचा निघाला तर ज्यानं काढला त्याला हसू नका. गिल्बर्टनं त्याच निबंधात स्पष्ट म्हटलंय की कुठलाही निष्कर्ष नव्या वस्तुस्थितीपुढे पुन्हा उघडता आला पाहिजे. त्याचा स्वतःचा निष्कर्ष पुढच्यांनी उघडला, तोही त्याच्याच पद्धतीनं: ही कल्पना खरी असेल तर काय दिसायला हवं, असं विचारून.

परवा आजीला अखेर नीट उत्तर दिलं. दगड वाफ होऊन गेला, त्याच्या धक्क्याची खूण खडकात राहिली, ती भिंगाखाली दिसते. आजीनं ऐकून घेतलं.

‘मग आधीच का न्हाई सांगितलंस?’

‘तेव्हा मला येत नव्हतं, आजी.’

‘मग तसं म्हणायचं की,’ म्हणाली, आणि शेंगा सोलायला लागली.